निरंक लिहिणार नाही

चिंचधरा,
१२ ऑक्टोबर २००६

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

फोनच करणार होते. पण इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते, आणि चाळिशीतली केंद्रप्रमुख बाई टाकीवर चढलेली गावाला बरी दिसत नाही. शिवाय फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

काल आम्हा केंद्रप्रमुखांची मासिक सभा झाली. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी एक फॉर्म वाटला. कामासाठी गाव सोडणाऱ्या आईबापांबरोबर किती विद्यार्थी जातात, त्याची संख्या. खाली एकच चौकट. तुला ठाऊकच आहे, माझ्याकडे अकरा शाळा, त्यातल्या सात कोलाम आदिवासींच्या पोडांवर, जंगलातल्या वस्त्यांवर. मी सप्टेंबरभर शिक्षकांकडून याद्या मागवल्या आणि घरोघर जाऊन ताडून पाहिल्या. त्रेसष्ट मुलं. यंदाचा कापूस दोन वेच्यांत संपणार, हे लहान पोरही सांगेल. दिवाळी झाली की अख्खी बिऱ्हाडं नदीपल्याड आंध्रात जातात, आधी कापूस वेचायला, मग तिकडूनच मिरची तोडायला. येतात ती होळीनंतर. मी चौकटीत ६३ लिहिलं.

साहेबांनी फॉर्म पाहिला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, इथे निरंक लिहा."

"निरंक म्हणजे शून्य, साहेब. माझ्याकडे त्रेसष्ट नावं आहेत."

"नावं असू द्या. शेतकऱ्यांसाठी पॅकेज आलंय, जिल्ह्यात रोज पाहुणे येऊन राह्यले. गावात मदत पोचली असं आपण सांगतो, आणि तुम्ही म्हणता गाव उठून चाललं. कसं दिसेल ते?"

बाकी सगळ्यांनी तिथंच निरंक लिहून सही केली. मी फॉर्म पिशवीत घातला आणि घेऊन आले.

मोहापोडच्या शाळेत प्रियंका आत्राम नावाची मुलगी आहे. मागच्या वर्षी तिसरीत होती, चांगली वाचायची. आईबापाबरोबर गेली, मार्चमध्ये आली तेव्हा डोळे लाल, हाताची सालं निघालेली. मी म्हटलं, वीसपर्यंत अंक म्हण. तिने तेलुगूत म्हणून दाखवले. मिरचीची पोती मोजताना शिकली होती. मराठीतले विसरली होती.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे, दादा. आईबाप कामाला जातात, मुलं शाळेतच राहतात, जेवतात, शिकतात. पण जिथे आकडा तिथेच वसतिगृह. शून्याला कोण वसतिगृह देईल?

तू माझ्याआधी दहा वर्षं केंद्रप्रमुख झालास. तुझ्या बोरगव्हाण केंद्रात तर बंजाऱ्यांचे पाच तांडे, सगळे ऊसतोडीला जाणारे. तू किती लिहिलंस?

वहिनीला नमस्कार.

तुझी,
ममता


ढाणकी,
२७ ऑक्टोबर २००६

चि. ममतास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं, आणि दोनदा वाचलं.

बाई, एका शब्दाचा प्रश्न आहे. लिहून दे आणि मोकळी हो. वरच्यांना आकडा नको असेल तर आपण दिलेला आकडा टेबलावरून खाली पडतो, आणि त्याच्याबरोबर आपण पडतो. बत्तीस वर्षं नोकरी करून मी एवढंच शिकलो. तू त्या मुलांसाठी जे करायचं ते कर ना, कोण अडवतंय? जास्त वेळ दे, सुट्टीत वर्ग घे. पण कागदावर भांडू नको. कागद आपल्याहून जास्त जगतो.

या दसऱ्याला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली. मी एकटाच दीक्षाभूमीवर जाऊन आलो. आपल्या बाबांची फार आठवण आली. पंचवीस वर्षांचा मारोती, अंगावर उसना पांढरा सदरा, नागपूरपर्यंत पायी गेला होता. त्या माणसानं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहून आपल्याला शिकवलं. त्यानं मिळवून दिलेली खुर्ची तू अशी सहज पणाला लावू नको. तुझ्या नयनचं अजून पॉलिटेक्निक व्हायचं आहे. त्याचे वडील नाहीत, हे विसरू नको.

आमच्याकडे यंदा फारसं कोणी गेलेलं नाही. सोयाबीन बरं आलं.

वहिनीनं चिवडा पाठवलाय, उमरखेडहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलाय. घेऊन घेशील.

तुझा,
अश्वजितदादा


चिंचधरा,
१६ नोव्हेंबर २००६

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

चिवडा पोचला. कंडक्टरनं त्यातला थोडा खाल्ला होता, पण प्रामाणिकपणे सांगितलं.

मी ६३च पाठवला, रजिस्टर पोस्टानं. पोच घेऊन ठेवली.

तू लिहिलंस, मुलांसाठी जे करायचं ते कर. तेच केलं. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मोहापोडवर सगळ्या पोडांची बैठक घेतली. तिथं श्रावण टेकाम नावाचा शिक्षणसेवक आहे, चोवीस वर्षांचा, स्वतः कोलाम. माझ्या अकरा शाळांत मुलांशी त्यांच्या बोलीत बोलणारा तोच एक. मी मराठीत बोलायची, तो कोलामीत सांगायचा. मी म्हटलं, लेकरं ठेवून जा, शाळेच्या दुसऱ्या खोलीत राहतील. एक बाप म्हणाला, "मॅडम, तुमी सांजच्या गाडीनं जाता. लेकरायले ताप आला तं कोन पाहीन?"

तेवढ्यात मागून रुखमाबाई उठली. सत्तरीची असेल, डोळ्याला कमी दिसतं. ती म्हणाली, "आमी बुढ्या काय मेलो का? आमाले तं तुमी नेतच नाही. मंग आमी काहून बसून राह्यचं? चुलीपाशी मी बसतो, मथुराबाई पानी भरीन. पन मास्तर पायजे. मास्तर नसन तं आमी नाही."

सत्तावीस मुलं राहिली. मंजुरी नाही, आदेश नाही. जाताना प्रत्येक घरानं ज्वारी, तूर, एकेक वाकळ आणून दिली. सकाळी शाळेची खिचडी, सांजेला रुखमाबाईच्या भाकरी. मी अकरा शाळांच्या चोवीस शिक्षकांची सभा घेतली आणि पाळ्या लावल्या. आठवड्याला दोघं मोहापोडवर मुक्कामी, श्रावणच्या जोडीला. सोळा जण तयार झाले. सात जणांनी घरची कारणं सांगितली, ती खरीच होती. चिंचधऱ्याचे मुख्याध्यापक विठ्ठलराव तेवढे उभे राहून म्हणाले, "मॅडम, मी पुढच्या वर्षी रिटायर होऊन राह्यलो. मले या भानगडीत पाडू नका." आणि चहा न पिता निघून गेले.

प्रियंका राहिली आहे. उरलेल्या छत्तीस मुलांना मी थांबवू शकले नाही. ट्रक भरून गेला तेव्हा त्यातली काही हात हलवत होती. ते मला विसरता येत नाही.

तुझं सोयाबीन बरं आलं, हे वाचून बरं वाटलं.

तुझी,
ममता


ढाणकी,
५ डिसेंबर २००६

चि. ममतास,
आशीर्वाद.

तू हे काय करून बसलीस? परवा जिल्ह्याच्या बैठकीत तुझ्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "मोहापोडवर वसतिगृह चालवणाऱ्या बाई तुमच्या बहीण ना?" मी मान खाली घातली.

विनामंजुरी मुलं मुक्कामी ठेवलीस. उद्या एखाद्याला साप चावला तर? चूल पेटून खोली जळाली तर? तेव्हा सोळा शिक्षक तुझ्या बाजूनं उभे राहणार नाहीत, एकही राहणार नाही. मी पाहिलंय हे.

माझं ऐक. बोरगव्हाणच्या शेजारचं केंद्र रिकामं होतंय. माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तू फक्त बदलीचा अर्ज कर. इकडे ये. सणावाराला एकत्र राहू. वहिनीचे गुडघे दुखतात, तिलाही सोबत होईल. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

अर्ज लगेच पाठव.

अश्वजितदादा


चिंचधरा,
२१ डिसेंबर २००६

ती. दादास,
जयभीम.

अर्ज करणार नाही. बाबांनी काय सांगितलं असतं ते तुझं तू ठरवू नको. खोटं बोलणार नाही अशी प्रतिज्ञा घेऊन ते नागपूरहून परत चालत आले होते, तो उसना सदरा परत द्यायला.

मंगळवारी साहेब जीप घेऊन अचानक मोहापोडवर आले. मी तिथेच होते. मुलं अंगणात बसून जेवत होती. साहेब ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"ही कुठली मुलं, मॅडम?"

"ही निरंक आहेत साहेब."

"काय म्हणालात?"

"आपल्या कागदावर ही मुलं नाहीत. निरंक. मोजून घ्या, सत्तावीस निरंक आहेत. ही तिसरीतली निरंक, हा दुसरीतला. आज आमटीत तूर थोडी जास्त आहे, बसता का?"

साहेब बसले नाहीत. पण रागावलेही नाहीत, ते मला जास्त लागलं. जीपपाशी जाऊन हळूच म्हणाले, "नगराळे मॅडम, मलाही वर उत्तर द्यायचं असतं. तुम्ही मला दुसरा रस्ताच ठेवला नाही." आणि दोन लिफाफे दिले. एकात मला कारणे दाखवा नोटीस. दुसऱ्यात श्रावणची प्रतिनियुक्ती, ऑफिसात टंकनासाठी, ताबडतोब कार्यमुक्त करावे. मास्तर काढला की बुढ्या उठतील आणि बुढ्या उठल्या की वसतिगृह बंद, एवढा साधा हिशेब.

मी श्रावणला कार्यमुक्त केलं नाही. लेखी कळवलं, की या शाळेत मुलांची बोली जाणणारा दुसरा शिक्षक दिल्याशिवाय याला सोडता येणार नाही. नोटिशीला उत्तर दिलं, साडेतीन पानं, सोबत त्रेसष्ट नावांची यादी. त्याची एक प्रत जिल्ह्याला, एक मुंबईला.

आणि एक आश्चर्य. शनिवारी पाळीचा एक शिक्षक आजारी पडला. त्याच्या जागी संध्याकाळी सायकलवरून कोण आलं असेल? विठ्ठलराव! कॅरिअरला वळकटी बांधलेली. म्हणाले, "मी पाळीवर नाही. इकडून चाललो होतो, म्हून थांबलो." मोहापोडवरून पुढे रस्ताच नाही, दादा.

आता तुला एक विचारायचं आहे. माझ्या केंद्रात लखीराम राठोड शिक्षक आहेत. तुझ्या केंद्रातल्या वडदतांड्याचे. गेल्या आठवड्यात घरी जाऊन आले. म्हणाले, "मॅडम, आमच्या तांड्यावर कुत्रे अन् म्हातारे एवढेच आहेत. शाळा उघडी असते, पण मास्तर एकटेच बसून राह्यतात."

तू निरंक लिहिलंस ना?

ममता


चिंचधरा,
१८ जानेवारी २००७

दादा,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. आता उत्तराची गरजही उरली नाही.

सोमवारी माझा बदलीचा आदेश आला. बोरगव्हाणच्या शेजारचं केंद्र. त्यात लिहिलंय, "आपल्या विनंतीनुसार."

मी जिल्ह्याला गेले. अर्ज पाहायला मागितला. दोन तास बसवून ठेवलं, मग दाखवला. माझं नाव, माझा पत्ता, खाली माझ्या नावाची सही. अक्षर मी ओळखणार नाही का? पहिलीत असताना माझ्या पाटीवर हात धरून तूच मुळाक्षरं गिरवून घेतलीस. तुझ्या 'म'ची गाठ मला अंधारातही कळेल.

तिथल्या बाईंनी विचारलं, "ही सही तुमची नाही?"

म्हटलं, "नाही."

"मग कोणाची आहे?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्रेसष्टच्या जागी शून्य लिहिलं नाही म्हणून मला नोटीस आली. तरी मी ढळले नाही. आणि तुझ्यासाठी एका टेबलापुढे उभी राहून सरळ खोटं बोलले. हे तू माझ्याकडून करून घेतलंस. याचा राग कसा लिहावा ते मला कळत नाही.

सही माझी नाही, म्हणून मी रुजू होणार नाही, असं लेखी देऊन आले. आता चौकशी होईल. मी काही सांगणार नाही. तू निवांत राहा.

तुझ्याकडून मला काही नको. पत्रही नको.

ममता


ढाणकी,
२ फेब्रुवारी २००७

ममे,

पत्र नको म्हणालीस, तरी लिहितो. फाडून टाकायचं तर शेवटी फाड.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली आणि वडदतांड्यावर गेलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा. माझ्या दौऱ्याच्या वहीत तीन भेटी लिहिलेल्या होत्या, त्या सगळ्या मी घरी बसून लिहिल्या. आता तुझ्याजवळ काय लपवू?

घरांना कुलपं. एका दाराशी म्हातारी बसली होती, कांताबाई. मी विचारलं, लेकरं कुठे आहेत? ती म्हणाली, "साहेब, तुमी साळंचे हा ना? मंग तुमाले नाही मालूम?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं, की साळेच्या साहेबाला लेकरं कुठं आहेत ते माहीत असेल.

मी पाचही तांडे फिरलो. चार दिवस लागले. एकशे अठरा मुलं. त्यातले नऊ जण पाच वर्षांपासून दरवर्षी जातात आणि दरवर्षी माझ्याच सहीनं पास होतात.

आता खरं ऐक. तुझ्या काळजीपोटी अर्ज केला असं मी वहिनीला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. काळजी होती, नव्हती असं नाही. पण तुझा त्रेसष्ट जिल्ह्याच्या टेबलावर पोचल्यापासून मला धसका बसला होता. एका केंद्रात त्रेसष्ट तर बोरगव्हाणात शून्य कसे, हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणार होतं. तुझा आकडा मला उघडा पाडत होता. मला तू इकडे हवी होतीस असं नाही, तू तिकडे नको होतीस. एवढंच.

काल मी जिल्ह्याला गेलो. दोन कागद दिले. एक सुधारित अहवाल, बोरगव्हाण केंद्र, स्थलांतरित विद्यार्थी ११८, नावांसह. दुसरा जबाब, की ममता नगराळे यांच्या नावाचा अर्ज मी लिहिला, सही मी केली, त्यांना त्याची कल्पना नव्हती. तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, तुमची चार वर्षं राहिली आहेत. पुन्हा एकदा विचार करा." म्हटलं, "बत्तीस वर्षं विचारच केला."

बसस्टँडवर उसाचा रस प्यालो आणि खूप दिवसांनी बाबांची आठवण आली तर मान खाली गेली नाही.

तू खोटं बोललीस ते आता लपून राहिलं नाही. त्या बाईंना मी सांगितलं, की तिनं मला वाचवायला तसं म्हटलं. चुकलं असेल तर माफ कर. आता कोणासाठीच काही झाकून ठेवावंसं वाटत नाही.

दादा


चिंचधरा,
१८ मार्च २००७

दादा,
जयभीम.

फाडलं नाही. पण उत्तर लिहायला दीड महिना लागला. राग उतरला म्हणून लिहितेय असं समजू नको. अजून पुरता उतरला नाही. मधूनच येतो, भाकरी खाताना येतो.

बदली रद्द झाली. नोटिशीवर निर्णय लागला, सेवापुस्तकात ताकीद. साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिली, मग म्हणाले, "पुढच्या वर्षी मंजुरी आधी घ्या मॅडम, मुलं मग." म्हटलं, "मुलं मंजुरीसाठी थांबत नाहीत साहेब, ट्रक दिवाळीलाच येतो." त्यांनी हसू दाबलं.

पुढच्या वर्षासाठी दोन वसतिगृहं मंजूर झाली. एक मोहापोड. दुसरं वडदतांडा. तुझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मुंबईहून कोणीतरी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणे. खरंखोटं माहीत नाही.

आणि तुला निलंबित केलं, ते लखीराम सरांकडून कळलं. शून्य लिहिलं म्हणून नाही, अर्ज लिहिला म्हणून! त्या एकशे अठरा मुलांबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही. मी त्या दिवशी वर्गात फळा पुसत होते, तो तीन वेळा पुसला.

श्रावणला मात्र मी ठेवू शकले नाही. एक मार्चला ऑफिसातली माणसं आली आणि त्याला पोलीस पाटलासमोर कार्यमुक्त करून घेऊन गेली. तो टंकन करतो, आणि शनिवारी दुपारी पहिली गाडी पकडून पोडावर येतो. रुखमाबाई म्हणाली होती, मास्तर नसेल तर आम्ही नाही. मी भीत भीत तिला विचारलं. ती म्हणाली, "मास्तर नेला म्हून आमी उठलो तं त्याईचंच झालं ना. मी काही उठत नाही." आणि भाकरी थापत राहिली.

होळीनंतर आईबाप परत आले. प्रियंकाच्या आईनं तिला आधी ओळखलंच नाही, अंगानं भरली आहे. बाप मात्र नुसता तिचे हात उलटसुलट करून पाहत राहिला. त्या हातांवर पेनाची शाई होती, बाकी काही नव्हतं.

सत्तावीसही जण आहेत. कोणाला साप चावला नाही. दोघांना गोवर झाला, बरे झाले. गेलेल्या छत्तीसांतली एकतीस परत आली. पाच कुठं आहेत ते मी शोधते आहे.

आता कामाचं. परीक्षेला महिना राहिला आणि मोहापोडवर तिसरी-चौथीला शिक्षक नाही. मागितला, मिळत नाही. विठ्ठलराव आठवड्यातून तीन दिवस येतात, अजूनही इकडून चाललो होतो असंच सांगतात. बाकीच्या दिवसांना माणूस हवा. तुझं गणित चांगलं आहे. कोलामी येत नाही, तर प्रियंका शिकवील. राहायला शाळेची दुसरी खोली आहे, जेवायला रुखमाबाई आहे. तुला कोणी आदेश देणार नाही आणि हजेरीपटावर तुझं नाव लागणार नाही. निलंबित माणसानं मुलांना भागाकार शिकवू नये असं कुठं परिपत्रक असेल तर ते घेऊनच ये, आपण दोघं मिळून वाचू.

माफी मागायला येणार असशील तर नको येऊस. शिकवायला ये.

ममता


ढाणकी,
२३ मार्च २००७
(पोस्टकार्ड)

ममे,

सोमवारच्या पहिल्या गाडीनं निघतो. वहिनीही येते म्हणते. तिचे गुडघे दुखतात, पण रुखमाबाईच्या शेजारी बसून भाकरी करायला गुडघे कायले पायजेत, असं तीच म्हणाली.

निलंबनाच्या आदेशात शेवटची ओळ आहे, परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येणार नाही.

सोडतो आहे.

दादा